डावीकडे ओढ घेणाऱ्या बाईसाहेब

घरातल्या जुन्या गाडीला सगळे बाईसाहेब म्हणत. चार दारं, ऐसपैस मागची सीट, लांबलचक डिकी आणि स्वभाव असा, की चालवणाऱ्याची नजर जरा ढळली की बाईसाहेब निघाल्याच डावीकडे. सासऱ्यांना त्याचं काही वाटत नसे. ते स्टिअरिंग कायम थोडं उजवीकडे दाबून धरत आणि गाडी सरळ जाई. "हिला जरा धाकात ठेवावं लागतं, एवढंच," असं ते म्हणत. तोल राहावा म्हणून सासूबाईंची जागा मागे उजव्या खिडकीशी. सामानाच्या पिशव्याही त्यांच्याच पायाशी. उजवं वळण आलं की सासरे "हं!" करत आणि अख्खं कुटुंब उजवीकडे कलत असे. लग्न होऊन आलेल्या सुनेला पहिल्यांदा ती थट्टा वाटली. मग तीही कलायला लागली. आता तर तिची ठमी, जिला अजून धड बोलताही येत नव्हतं, 'हं' ऐकलं की आपल्या छोट्या खुर्चीत इमानेइतबारे उजवीकडे झुकायची.

सुनेला सोमवारपासून कामावर जायचं होतं. कवळ्या आणि दात घडवणाऱ्या लॅबमधलं तिचं काम ठमीच्या वेळी सुटलं होतं, ते आता परत मिळालं होतं. त्याच इमारतीत पाळणाघरही होतं. पण ते सगळं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. एका काखेत ठमी, दुसऱ्या काखेत तिच्या दुपट्यांची पिशवी, आणि दोन बस बदलायच्या. विचारानेच तिला धाप लागायची. नवरा फिरतीवर. गाडी मात्र दारात उभीच असायची. म्हणून ठमी झोपली की क्लासला पळून पळून तिने लायसन्स काढलं होतं.

आणि घरची गाडी पहिल्यांदा हातात घेतली, तर कोपऱ्यावरच्या घराचं हिरवं कुंपण आरशात अडकून घरी आलं.

"नाचता येईना अंगण वाकडं," सासरे आरशातली पानं काढत हसले. "गाडी ओढते म्हणे! माझ्या हातात कुठे ओढते? हे बघ, तू नको जीव जाळूस. मी आहे ना? रोज सोडीन, रोज आणीन."

ते मनापासून बोलत होते, तिथेच तर पंचाईत होती. प्रेमाने वाट अडवणाऱ्यावर रागवायचं तरी कसं? मध्येच ठमीला ताप आला तर फोन करून वाट बघायची, चार मिनिटं उशीर झाला तर ते फाटकाशी ताटकळणार, येताना कुठे थांबावंसं वाटलं तर विचारायचं. शाळकरी पोरीसारखं. शिवाय मनात कुठेतरी तिला पटलंही होतं की आपल्याच हातात खोट आहे. क्लासची गाडी मात्र सुतासारखी सरळ जायची, हे आठवलं की ती पुन्हा गोंधळायची.

शनिवारी सकाळी ठमीचा चेंडू गाडीखाली गेला. तो काढायला ती पुढच्या चाकाशी आडवी झाली आणि चेंडू विसरून बघतच राहिली. डाव्या टायरची बाहेरची बाजू ठीक होती. आतली मात्र गुळगुळीत, तुळतुळीत. असं एका बाजूने झिजलेलं तिने हजारदा पाहिलं होतं, दाढांमध्ये.

"बाबा, हिचा चावा तिरका बसतोय!"

"गाडी चावायला कधी लागली?" सासरे पायरीवरूनच म्हणाले.

"दाढ एकाच अंगाने झिजली ना, की दाढेचा दोष नसतो, जबडा वाकडा बसत असतो. हे चाक वाकडं चालतंय. आतून बघा तरी."

"टायर जुने झाले की झिजणारच. मी इतकी वर्षं चालवतोय..."

"अहो, आत्ताच्या आत्ता गॅरेजला न्या," सासूबाई दारातून कडाडल्या. "तोल सांभाळून सांभाळून माझं एक अंग चपटं झालंय."

गॅरेजवाल्याने गाडी उचलली, डावं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. ते सैल दातासारखं डुगडुगलं.

"काका, गाडी चालवत होता की हिच्याशी कुस्ती खेळत होता?"

स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याचा सांधा पार खिळखिळा झाला होता. तो बदलला, पुढचे दोन्ही टायर नवे घातले, चाकं एका रेषेत आणली. दुपारी गॅरेजच्या अंगणात सगळे गाडीत बसले. सासरे ऐटीत स्टिअरिंगवर.

बाईसाहेब निघाल्या, त्या थेट उजवीकडे, जुन्या टायरांच्या ढिगावर.

"अरे, बिघडवलीस माझी गाडी!"

"सरळ केलीय हो काका. तुम्ही उजवीकडे दाबताय."

"मी? मी कुठे दाबतोय?"

पुन्हा मागे घेतली, पुन्हा निघाले, पुन्हा ढीग. वरचा एक टायर गडगडत अंगणभर फिरून आला. ठमीने टाळ्या पिटल्या.

"अंगण सरळ झालं, आता नाचा की!" मागून सासूबाई.

सासऱ्यांनी इंजिन बंद केलं. आयुष्यभर शिंप्याच्या दुकानात त्यांनी कापड बेतलं होतं. खडूची रेघ न ओढताही त्यांची कात्री कधी वाकडी गेली नव्हती. ते आपल्या हातांकडे बघत राहिले, जणू कुणी दुसऱ्याचेच हात तिथे ठेवून गेलं होतं. सुनेला एकदम भरून आलं. हसू येत होतं तेही तिने गिळलं.

"बाबा, वर्षानुवर्षं तुम्ही हिला एकट्याने सरळ ठेवलंत. हात इतक्या लवकर कसे विसरतील?"

ते उतरले. गाडीला वळसा घालून पलीकडच्या सीटवर येऊन बसले. "चालव," एवढंच म्हणाले.

तिने त्यांच्या जागी बसून दोन बोटांनी स्टिअरिंग धरलं. गाडी फाटकातून बाहेर पडली, रस्त्याला लागली आणि निमूट सरळ चालली. पहिल्या चौकापर्यंत तिने श्वासच घेतला नव्हता. मग घेतला.

"सोमवारी किती वाजता निघायचंय तुला?" सासऱ्यांनी समोर बघतच विचारलं.

"आठला."

"मग पेट्रोल आजच भरून ठेव. पुढे पंप आहे." थोडं थांबून ते खालच्या आवाजात म्हणाले, "आणि उद्या मला जरा मोकळ्या मैदानात ने. सवय मोडायला पाहिजे."

"फी पडेल हो!" मागून आवाज आला.

"तू गप्प गं. सूनबाई, गिअर बदल आधी. कधीचं इंजिन ओरडतंय."