दोन ॲम्प आणि दादाचे कान

रेकॉर्डिंगच्या आधी दोघा भावांनी तळघरातल्या तालमीच्या खोलीत गिटारचे दोन ॲम्प शेजारीशेजारी मांडले. दोन्ही ट्यूबचे, जुने, उचलताना कंबर धरणारे. काळा दादाचा स्वतःचा, तांबडा धाकट्याने मित्राकडून मागून आणलेला. बँडच्या रॉक गाण्यांना कुठला शोभेल ते ठरवायचं होतं, आणि ठरवणार दादाच. कुणाची तार केसभर उतरली तरी तो पाठमोरा राहून सांगायचा.

धाकट्याने गिटार गळ्यात अडकवली. "हा काळा," म्हणत जाड तारांवर एक रांगडी चाल वाजवली. मग पायाखालचा, ॲम्प बदलायचा स्विच दाबला. "आणि हा तांबडा." तीच चाल.

 दादाला दोन्ही आवाज अगदी सारखे वाटले, गोधडीत गुंडाळल्यासारखे.

"बारीक तारांवर वाजव."

बोटं वर सरकली. तारेवर बसलेला फटका त्याला दिसला, पण त्यामागून यायची ती धार आलीच नाही.  गेले काही महिने तो आपल्या ॲम्पवरचं ट्रेबलचं, म्हणजे बारीक सुरांचं, बटण हळूहळू वाढवत होता. टीव्ही किती मोठ्याने लावलाय म्हणून बायको रागवायची. मागच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेतल्या बाईंनी कान झाकले, तेव्हा हा त्यांच्याकडे बघून हसला होता.

"बोल की, दादा."

"तांबडा जरा टोकदार आहे," दादा म्हणाला. "काळा भरीव."

धाकट्याने वाकून पायाखाली बघितलं. "अरे, हा स्विच अडकलाय. दोन्ही वेळा काळाच वाजला."

दादाला आधी शरम वाटली, आणि लगेच जिवात जीव आला. म्हणजे सारखे वाटले ते बरोबरच होतं. कान शाबूत होते, थाप तेवढी उघडी पडली. "मस्करी करत होतो रे," तो म्हणाला.

धाकट्याने ठोकून स्विच मोकळा केला आणि पुन्हा वाजवलं. या वेळी तांबड्याचा दिवा लुकलुकला. धाकट्याने तोंड वाकडं केलं. "बापरे, दात आंबले. हा तर कानात सुई घालतोय."

दादाला सुई ऐकू आली नाही. तीच गोधडी. तो स्टुलावर बसला.

"मला फरक कळत नाहीये," तो म्हणाला. "खरंच."

धाकट्याच्या ओठांवर काहीतरी विनोद आला होता, तो त्याने गिळला. दोन्ही ॲम्प बंद केले. "वहिनीला सांगितलंयस?"

"नाही. तू पण सांगू नकोस."

"मी तिला आत्ता फोन करतोय," धाकटा म्हणाला.

कानाच्या डॉक्टरांकडे दादाला काचेच्या बंद खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. शांतता इतकी लांबली की स्वतःच्या छातीची धडधड त्याला मोजता आली असती. काचेपलीकडे तपासणाऱ्या बाईंचा हात हलताना दिसत होता. तो हलला की दाबावं, असा मोह त्याला झाला. कुणाला कळलंही नसतं. त्याने डोळे मिटले, आणि मग बराच वेळ बटण तसंच अंगठ्याखाली राहिलं.

बारीक सूर गेले होते ते परत येणार नव्हते. उरलेलं जपता येईल, डॉक्टर म्हणाले, आवाज कमी ठेवा, कानात बोळे घाला. बायकोने सगळं दोनदा विचारून घेतलं.  उरलेलंही गेलं तर काय, हे विचारायची दादाची हिंमत नव्हती.

रेकॉर्डिंगला काळाच नेला. ॲम्पची बटणं धाकट्याने लावली आणि दादाने त्यांना हात लावला नाही. बोळे घालून तो गिटार वाजवायला बसला. बोटं अजून त्याचीच होती, चुकली नाहीत. पण गाणं संपलं की तो आधी धाकट्याच्या चेहऱ्याकडे बघायचा, आणि धाकटा मान हलवेपर्यंत श्वास रोखून धरायचा.