उजवीकडचा खड्डा

न्यूट्रल

एक बाळ रडायचं थांबेना, की त्याला पेट्रोल पंपावर नेत. दोन श्वास आत गेले की ते गप्प. हे ऐकून डॉक्टरांनी बाळाच्या आईला असं काही झापलं, की ती पुढे वर्षभर दुसऱ्याच डॉक्टरांकडे जात होती.

*

पिशवी काळी हवी, पारदर्शक नको. एकीच्या आत दुसरी. पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात, म्हणजे ऐनवेळी चेनशी झटापट नको.

*

एका मुलाला वायपरला प्रश्न विचारायची खोड होती. डावीकडे गेला तर हो, उजवीकडे गेला तर नाही. मी पास होईन का? मोठेपणी टक्कल पडेल का? मनासारखं उत्तर येईपर्यंत तो वडिलांना वायपर बंद करू देत नसे. (टक्कल पडलं.)

*

एक नर्स ड्यूटी संपवून दवाखान्याबाहेर आली, तर फाटकाशी एक माणूस बॉनेट उघडून आत डोकं खुपसून उभा. तिने विचारलं, "काय दुखतंय?" तो डोकं वर न काढता म्हणाला, "मला, की गाडीला?"

*

एक माणूस लग्नानंतर कधीही गाडीत मागे बसला नाही. मेव्हण्याने नवी गाडी घेतली आणि "तुम्ही आज आरामात मागे बसा, मी नेतो," म्हणाला. हा म्हणाला, "मग मी चालत येतो." आणि खरंच चालत आला, घामाघूम होऊन, जेवणं आटोपल्यावर.

*

हे सगळे तुकडे एकाच घरातले, एकाच जेवणाच्या टेबलावर कधी ना कधी सांडलेले. त्या घरात नवं माणूस आलं, की त्याला शिक्षण, पगार, आजार काही विचारत नसत. भाजी वाढता वाढता सासूबाई एकच विचारायच्या, "तुझं कसं सुरू झालं?" म्हणजे गाड्यांचं वेड. ते आहे की नाही, हा प्रश्न त्यांना पडतच नसे. फक्त कधी आणि कसं, एवढंच.

पेट्रोलवर गप्प होणारं बाळ म्हणजे नणंद. आता ती रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारी गाडी चालवते, आणि घरात तिला सगळे हॉर्न म्हणतात, कारण हळू बोलणं तिला येत नाही. वायपरवाला मुलगा म्हणजे नवरा. नर्स म्हणजे सासूबाई. बॉनेटवाला आणि मागे न बसणारा माणूस, दोन्ही म्हणजे सासरे, चष्म्याच्या काचांचे फिरते विक्रेते. सगळ्यांचे किस्से झाले तरी त्यांचं स्वतःचं कसं सुरू झालं, ते कुणाला माहीत नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "माझं काय? गाडी दिसली, बसलो."

आणि काळ्या पिशव्या सुनेच्या.

बाजारात तिला कुशनवाली म्हणत. खुर्च्या, सोफे, दातांच्या डॉक्टरांच्या त्या आडव्या होणाऱ्या सीटा, सगळ्यांना ती नवं कातडं चढवून द्यायची. पण गाडी तिला लहानपणापासून लागायची. अशी लागायची, की शाळेच्या सहलीत तिच्या शेजारी कोण बसणार यावर चिठ्ठ्या टाकत. खिडकीला चिकटून, मान बाहेर काढून, डोळे मिटून ती प्रवास करी. अशा मुलीने लग्न करून यावं ते नेमकं या घरात! पहिल्या जेवणाला सासूबाईंनी तो प्रश्न विचारला. पाणी पिऊन ती म्हणाली, "मला… गाडीच्या सीटची शिलाई आवडते."

मग सासरे मोठ्याने हसले. "चला! आमच्यात सगळे इंजिन बघणारे. बूड टेकायची जागा बघणारं कुणीतरी आलं."

तेव्हापासून ती त्यांची झाली. उरलेल्या घराची व्हायची बाकी होती.

पहिला

सासरे गेले आणि त्यांची जुनी गाडी पोर्चमध्ये उभी राहिली. हॉर्न अधूनमधून इंजिन सुरू करून ठेवी, बाकी कुणी हात लावत नसे. सासूबाई मात्र रोज दुपारी चहाचा कप घेऊन गाडीत जाऊन बसत. ड्रायव्हरच्या सीटवर, दार लावून. चहा संपला की कप विसळायला परत. त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता.

एक दिवस त्यांच्या स्वेटरचा धागा ओढला गेला. सीटचं रेक्झिन फाटून आतली स्प्रिंग वर आली होती. सून लगेच म्हणाली, "आई, मी करून देते." इतक्या लगेच, की तिचं तिलाच हसू आलं. या घराला देण्यासारखं तिच्याजवळ तेवढंच तर होतं.

तिने ती सीट अशी केली, जशी आजवर कुणासाठी केली नव्हती. त्याच तपकिरी रंगाचं रेक्झिन शोधलं. स्प्रिंगा बदलल्या. नवा फोम घातला, कडेने बारीक पायपिंग दिलं. वर पाणसळ ठेवली असती, तर बुडबुडा मधोमध थांबला असता. जुना फोम तिने सवयीने यंत्रात घालून त्याचा चुरा केला. उशांमध्ये भरायला तो बरा पडतो.

सासूबाई बसल्या. स्टिअरिंगवर हात ठेवला. उठल्या. "छान झालंय हो," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा स्वयंपाकघरात घेतला. तिसऱ्या दिवशीही. मग एकदा जेवताना, मीठ मागावं तशा आवाजात म्हणाल्या, "ती गाडी उगाच जागा अडवते. देऊन टाका."

नवऱ्याचा चमचा ताटलीवर वाजला. हॉर्न ओरडली, "आई! कुणाला?"

"सुट्या भागांसाठी घेतात ना कुणीतरी. तुझ्याच ओळखीचा आहे तो. रविवारी बोलाव." आणि ताट घेऊन उठल्या.

पुन्हा न्यूट्रल

हॉर्नने पोर्चमध्ये जाऊन सीटवर तळहात फिरवला, अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तसा.

"वहिनी, खड्डा कुठे गेला?"

"कसला खड्डा?"

"बाबांचा! इथे, उजवीकडे. या सीटवर बसलं की माणूस आपोआप खिडकीकडे कलायचं. आम्ही चिडवायचो त्यांना. कोपर बाहेर, केस उडतायत, स्टाइल मारायचे नुसते." तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आई त्यात बसायची गं."

ही चूक एखाद्या आळशी कुशनवालीच्या हातून झाली नसती. तिने जीव ओतून काम केलं होतं, आणि त्या भरात माणूसच सपाट करून टाकला होता.

"फोम कुठाय जुना?" हॉर्नने विचारलं.

"उशांमध्ये."

"कुणाच्या?"

"कुणाच्या म्हणून सांगू?"

हॉर्नने कपाळावर हात मारला. "पुन्हा कर मग. खड्डा तर करायचाय. लोक फुकट पाडतात."

सोपं नव्हतं. जुनी कव्हरं मात्र सून कधी टाकत नसे. उसवलेलं कव्हर हेच नव्याचं माप. तिने ते कापायच्या टेबलावर पसरलं आणि दिवा खाली ओढला. रेक्झिन उजव्या अंगाला घासून आरशासारखं झालं होतं. उजव्या शिवणीचे टाके ताणून लांबट पडले होते, डावीकडचे जसेच्या तसे. पाठीवरही तेच. पण त्यावरून खड्डा केवढा रुंद ते कळत होतं, किती खोल ते कळत नव्हतं. त्यासाठी तसंच बसून गाडी चालवणारं माणूस हवं होतं.

नवऱ्याला बसवलं. तो परीक्षेला बसल्यासारखा ताठ. हॉर्न बसली, तर स्टिअरिंगवर पालथी पडल्यासारखी पुढे. कुणीच कलेना.

"तू बस," हॉर्न म्हणाली. "तू चालव."

"मी? वेडी झालीस का? मला गाडीचं चित्र बघूनसुद्धा मळमळतं!"

"पिशवी घे ना मग. तुझ्याकडे तर खोक्यानं असतील."

पुन्हा पहिला

गोदामांच्या मागे मोकळं मैदान होतं. शेजारी हॉर्न, मांडीवर उघडी पिशवी. सुनेने खिडकीची काच पूर्ण खाली केली, ओठ घट्ट मिटले, क्लच सोडला.

गाडीने उचकी दिली आणि बंद पडली.

पुन्हा सुरू केली. पुन्हा क्लच सोडला, आणि या वेळी चाकं जरा जरा पुढे

बंद.

"वहिनी, तो क्लच आहे, झुरळ नाही. चिरडू नकोस."

पुन्हा. आणि मग तिला पायाखाली काहीतरी ओळखीचं लागलं. शिलाई मशीनच्या मोटरचं पायडल. जाड कातड्यावर ते एकदम दाबलं, तर सुई मोडते. अंगठ्याने चाहूल घेत घेत दाबलं, तर सुई लोण्यात शिरावी तशी शिरते. हेही तसंच होतं. तिने पायातली चप्पल काढून मागे भिरकावली. हलकेच एक पाय वर, हलकेच दुसरा खाली.

गाडी निघाली.

"अगं!" हॉर्न किंचाळली. "हा पाय कुठे शिकलीस?"

"दुकानात."

दुसरा

मैदानाला एक फेरी झाली. दुसरी झाली. वळणावर तिने चाक फिरवलं, आणि वळण तिच्या पोटाला न विचारता आलं नाही. तिने बोलावलं तेव्हा आलं. आजवर प्रत्येक रस्ता तिच्या अंगावर धावून आला होता. आज पहिल्यांदा ती रस्त्याकडे चालली होती. वारा कानात शिरत होता, इंजिनचं गुरगुरणं तळपायातून गुडघ्यांपर्यंत चढत होतं, आणि तिला एकदम लक्षात आलं, की मांडीवर पिशवी नाही. ती कधीच खिडकीतून उडून गेली होती, आणि तिला तिची आठवणसुद्धा झाली नव्हती.

"लागत नाहीये," ती म्हणाली.

"काय?"

"गाडी! लागत नाहीये मला!" आणि ती इतक्या जोरात हसली, की हॉर्नला पहिल्यांदाच कुणाचा तरी आवाज मोठा वाटला.

"थांब. वहिनी, थांब. ब्रेक. आता हलू नकोस."

"का? काय केलं मी?"

"बसलीयेस कशी बघ."

जन्मभराची सवय. ती खिडकीला चिकटली होती. कोपर बाहेर, मान वाऱ्याला लावलेली, सगळा भार उजव्या अंगावर. हॉर्नने सुनेच्याच खिशातून मापाचा खडू काढला आणि ती बसली होती तिच्याभोवती सीटवर रेघ ओढली. सून उतरली, तिने डिकीतून जुनं कव्हर आणलं आणि वर अंथरून कड जरा जरा उचलून पाहिली. घासून चकाकलेला भाग बरोबर रेघेच्या आत उतरला होता.



"बाबांसारखी स्टाइल मारतेस की," हॉर्न म्हणाली.

"मी कसली स्टाइल मारते? मी जीव मुठीत धरून बसते."

मग त्या आठवड्यात दुकानाला लवकर कुलूप लागू लागलं. ती फोम कोरायची, मैदानात चालवून बघायची, परत येऊन आणखी कोरायची. खाली टणक थर, वर मऊ, उजवीकडे उतार. हे सगळं सीटसाठी चाललंय, असं ती स्वतःला सांगत होती. पण शनिवारी सीट तयार झाली, टाकाही उरला नाही, आणि तरी तिने मैदानाला आणखी फेऱ्या मारल्या, कशासाठीच नाही.

हँडब्रेक

रविवारी सुट्या भागांचा माणूस फाटकाशी येऊन उभा राहिला. हॉर्न त्याच्याशी बोलत होती, म्हणजे गल्लीभर सगळ्यांशीच बोलत होती: "जरा थांबा! घाई काय आहे! तुमची चाकं पळून जातायत का?"

सून सासूबाईंना हाताला धरून पोर्चमध्ये घेऊन आली. "आई, एकदा बसा. मग द्यायची तर द्या."

"अगं, झाली ना आता ती सीट."

"नव्हती झाली."

सासूबाई बसल्या. सीटने त्यांना हळूच उजवीकडे घेतलं. त्यांचं कोपर आपोआप खिडकीत गेलं. त्या समोर बघत राहिल्या, जणू पोर्चच्या भिंतीपलीकडे लांबच लांब रस्ता होता.

"कुणाच्या मापाने केलास हा खड्डा?" सासूबाईंनी विचारलं.

"माझ्या."

त्यांनी मान वळवून सुनेकडे पाहिलं, आधी तोंडाकडे, मग नव्या सीटवर अंग जरा हलवून बघत पुन्हा तोंडाकडे. "हं," म्हणाल्या. मग फाटकाकडे ओरडल्या. हॉर्नचा गळा कुणावर गेला, ते त्या दिवशी कळलं. "त्यांना चहा देऊन पाठवून दे गं! गाडी नाही द्यायची!" आणि सुनेला, "माझाही चहा इथेच आण. दोन कप."

दोन कप आले. सून दुसऱ्या बाजूने दार उघडून बसली.

"आता सांग," सासूबाई म्हणाल्या. "तुझं कसं सुरू झालं? ते शिलाईचं नको, खरं सांग."

"आई, मला गाडी लागते. लहानपणापासून. मागे बसले तर लागते, पुढे बसले तरी लागते. फक्त चालवताना लागत नाही."

सासूबाईंचा कप वाटेतच थांबला. मग त्या हसू लागल्या, चहा हिंदकळून नव्या रेक्झिनवर सांडेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सून रुमाल शोधू लागली, तर म्हणाल्या, "राहू दे, राहू दे. डाग पडू दे." कप डॅशबोर्डवर ठेवून त्या दार उघडून उतरल्या आणि पुढून वळसा घालून सुनेच्या खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या.

"सरक तिकडे," त्या म्हणाल्या. "आणि काच पूर्ण खाली कर."

रिव्हर्स

दवाखान्याच्या फाटकाशी बॉनेट उघडून उभ्या असलेल्या त्या माणसाला लहानपणापासून गाडी लागायची. तो तिथे त्यावरच्या गोळ्या घ्यायला आला होता, आणि काचांच्या कंपनीच्या मालकाचा ड्रायव्हर रजेवर होता म्हणून, त्या दिवशी पहिल्यांदाच, गाडी स्वतः चालवत आला होता.