चातुर्मासात सोडलेली रेकॉर्ड

मित्रांनो, छोट्या ताटलीएवढी, काळी कुळकुळीत, मधोमध भोक असलेली अशी मी एक रेकॉर्ड आहे. वय अठ्ठावन्न. कारखान्यात गरम, मऊ गोळा साच्यात दाबला आणि माझ्या अंगावर बारीक रेघा उमटल्या. त्या रेघांत गोराईच्या अर्बनचं गाणं आहे.

तेव्हा अर्बन बावीस वर्षांचा होता. गळ्यात गिटार, कपाळावर केसांचा कोंबडा. मराठी गाणं असं उडत्या चालीत म्हणायचा की जोगेश्वरीच्या चाळीत आजोबासुद्धा पायाने ठेका धरायचे. त्याच चाळीत सोळा वर्षांची अनुपमा राहायची. आधी देवपूजा, मग स्तोत्र, मग मी, असा तिचा रोजचा क्रम. लग्न होऊन बोरिवलीला आली तेव्हा साड्यांच्या घडीत ठेवून तिने मलाही आणलं. कॅसेट आल्या, मोबाईल आले, माझ्या बहिणी भंगारात गेल्या. मी मात्र मऊ फडक्याने पुसली जात होते. दर नाताळला अनुपमा अर्बनला चार ओळींचं पत्र पाठवी. त्याचंही उत्तर येई, "ताई, अजून ऐकता? कमाल आहे!"

चातुर्मासात अनुपमा दरवर्षी काहीतरी सोडते. यंदा आषाढी एकादशीला तिने वांगी सोडली, तर सून रुचिरा हसली.

"आई, वांगी तुम्हाला मुळात आवडतच नाहीत. देवाला काय कळत नाही होय?"

अनुपमाला ते लागलं. ती उठली आणि देवापुढे तिने उदक सोडलं, "कार्तिकीपर्यंत अर्बनची रेकॉर्ड ऐकणार नाही."

"अहो आई, मस्करी केली ना मी!"

पण सोडलेलं उदक परत कसं घ्यायचं? मी कपाटात गेले. खरं सांगू, मी रुसलेच होते.

गणपती गेले आणि आठवड्याभरात अर्बनही गेला. पुढे काही दिवसांनी त्याच्या बायकोचा, बर्थाचा, फोन आला.

"अगो अनुपमा, रविवारी चर्चमध्ये त्याची महिन्याची मिस्सा. नंतर अंगणात सगळे जमतील. आमची रेकॉर्ड उन्हात वाकडी झाली. तुझी आण ना गो. त्याच्याच गाण्याने त्याला निरोप देऊ."

"आणते," अनुपमा म्हणाली आणि फोन ठेवून डोळे टिपत बसली. कार्तिकीला अजून तीन आठवडे होते. चाळीस वर्षांत तिने एकही नेम मोडला नव्हता. आणि अर्बनचा निरोप काही पुन्हा होणार नव्हता.

"माझ्या जिभेमुळे झालं हे," रुचिरा म्हणाली. "मी येते बरोबर. गाणं लागलं की आपण दोघी लांब जाऊन उभ्या राहू."

रविवारी आम्ही होडीने गोराईला गेलो. अंगणात पन्नासेक माणसं, टेबलावर रेकॉर्ड प्लेअर. अनुपमाने मला कडेने धरून चकतीवर ठेवलं, बर्थाच्या कानात नेमाचं सांगितलं आणि ती फाटकाकडे वळली.

बर्थाने तिचा हात धरला. "बस खाली. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस मी मासळी सोडते, माहितेय? नेम म्हणजे काय, मला नको शिकवू. रेकॉर्ड ऐकायची नाय ना तुला? नाय ऐकू येणार." मग ती गर्दीवर ओरडली, "काय रे, तोंडं पाडून काय बसलात! सगळ्यांनी गायचं, जोरात. हिच्या कानात रेकॉर्डचा आवाज गेला तर एकालाही जेवण नाय!"

सुई टेकली. "होडी चुकली तर चुकू दे, पुढची येईल ना..." पहिल्या शब्दालाच पन्नास गळे उसळले. कुणीतरी मातीचा घुमट ढोलकीसारखा बडवू लागलं. रुचिराला शब्द येईनात, ती नुसतीच ला ला ला करत होती. आणि अठ्ठावन्न वर्षं गप्प बसून ऐकणारी माझी अनुपमा डोळे मिटून, मान हलवत, चक्क गात होती! गालांवर पाणी आणि ओठांवर हसू.

मी जीव तोडून वाजत होते, पण कुणालाच ऐकू आले नाही. माझा रुसवा कुठल्या कुठे पळाला. अर्बन आता माझ्याशिवायही त्या अंगणात होता.

माझं गाणं संपलं तरी त्यांचं संपेना. सुई अंगावर तशीच घेऊन मी आपली मुकाट्याने फिरत राहिले.

मित्रांनो, जुन्या रेकॉर्डी पुसून ठेवा, कडेने धरा, उन्हात टाकू नका. जपलीत तर निरोपाच्या दिवशी आम्ही उपयोगी पडू. आणि आमच्याबरोबर खुशाल मोठ्याने गा, आम्हाला राग येत नाही. फक्त कितीही रंगात आलात, तरी सुई तेवढी आठवणीने उचला!