दाराबाहेरचं कॅलेंडर

मी यंदाचं कॅलेंडर बोलतोय. डिसेंबर लागला, म्हणजे माझं वय झालं. तवा जरा सावकाश सांगतो.

श्रीरामपुरातल्या एका किराणा दुकानानं मला फुकट वाटलं. आसाराम अन् राहीबाईच्या स्वयंपाकघरात माझा खिळा हुता. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, समदं माझ्याच अंगावर.

फेब्रुवारीत टेम्पोत माल चढवताना आसाराम पडला. खुबा मोडला. टेम्पो दारात उभा राहिला अन् घराच्या कर्जाचे हप्ते थकले. पुढं बँकेची नोटीस रजिस्टर पोस्टानं आली. राहीबाई दारात उभी राहून पोस्टमनला म्हणाली, "घरी कुनी न्हाई." तिला वाटलं, घेतलंच न्हाई तर लागू कसं व्हईल?

ऑगस्टात बँकेच्या माणसांनी तोच नोटिशीचा कागद दाराला डकवला. आसाराम खाटेवर, त्याला पत्ता न्हाई. राहीबाईनं लाजेनं मला आणून त्या कागदावर टांगलं.

"कॅलेंडर भाईर कशाला गं?" शेजारच्या सुरय्याभाभींनी विचारलं. "गल्लीला तारीख सांगती का काय?"

"आत वारं लागत न्हाई त्याला."

मग एक दिवस वारं आलंच. मला दाराला चिकटून राहता आलं असतं. राहिलो न्हाई. भाभींनी खालचा कागद वाचला.

"अगं बाई, हे झाकून ठेवलंस?"

"लोकं काय म्हनतील, भाभी!"

"लोकांचं ऱ्हाऊ दे. थकलेलं भरायला कायद्यानं साठ दिवस दिलेत. तवर बँकेला घराला हात लावता येत न्हाई. आपलं म्हननं लिहून द्यायचं असतं."

त्यांनी माझ्यावर बोट फिरवून मोजलं. कागद डकवल्यापासून त्रेचाळीस दिवस गेले हुते. सतरा उरले.

राहीबाईनं आत जाऊन आसारामला सांगितलं. तो कोपरावर रेलून उठला. मग म्हणाला, "पडलोय मी, मेलो न्हाई. आधी सांगायचं."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचे कागद जोडून अर्ज गेला. पंधरा दिवसांत उत्तर देणं बँकेला भाग हुतं. चौदाव्या दिवशी आलं. वर्षभर हप्ता निम्मा, मुदत वाढवून. पुन्हा थकला तर पुन्हा कागद येईल, हेही त्यात हुतं.

आता आसाराम काठी टेकत दारापर्यंत येतो. राहीबाई ओल्या फडक्यानं दारावरचा डिंक घासते. पुरता निघत न्हाई.

महिन्याभरात मी रद्दीत जाईन. त्याचं काही न्हाई. माझ्या जागी जे येईल, त्याला मात्र असल्या कागदावर टांगू नका. कागद वाचा, अन् त्यातली तारीख त्याच्यावर लिहून ठेवा.