हिरवा, करडा आणि एक टाच

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल फोन आहे. एका सुट्टीच्या दिवशी आमच्या जेवणाच्या टेबलावर माझ्या डावीकडे एक हिरवा आणि उजवीकडे एक करडा असे दोन परके फोन आणून ठेवले. दोघांपैकी एक माझ्या जागी येणार होता. कोण, ते ठरायचं होतं. माझा दोघांवरही काडीचा विश्वास नव्हता.

आधी माझ्याबद्दल. आत्मवृत्तात काही ठरावीक भाग असतात म्हणे. ते उरकून घेतो.

घडण

माझा जन्म एका लांबलचक पांढऱ्या दालनात झाला. तिथल्या माणसांच्या तोंडावर कापड होतं आणि हातांत मोजे. आपण केलेल्या वस्तूला हात लावतानाही एवढी खबरदारी कशासाठी, ही माझ्या आयुष्यातली पहिली शंका.

सेवा

मी ज्या घरात आलो तिथली सून शाळेची बस चालवते. तिचा नवरा बोटीवर असतो. घरात ती आणि तिचे सासरे. सासरे वजनमापांचे निरीक्षक होते. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, आतून पोकळ केलेली वजनं, काट्यावर हळूच टेकलेली करंगळी, हे पकडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. गल्ली त्यांना काटेसाहेब म्हणते. दूधवाला दूध घालतो तेव्हा ते भांड्याकडे बघत नाहीत, दूधवाल्याच्या डोळ्यांकडे बघतात.

काटेसाहेबांना साखरेचा आजार आहे आणि त्यामुळे पाय बधिर झाले आहेत. चपलेची कड घासून उजव्या टाचेला जखम झाली, ती त्यांना मोज्यावर डाग दिसला तेव्हा कळली. डॉक्टरबाईंचा दवाखाना लांब. त्या सुनेला म्हणाल्या, दर दोन-तीन दिवसांनी फोटो पाठवत जा. जखमेभोवती लाली पसरली किंवा टाच गरम लागली तर मात्र फोटो-बिटो नको, सरळ घेऊन या. उशीर झाला तर पाय वाचवणं अवघड होतं.

तेव्हापासून पार्सलवाल्यांचे निरोप, शाळेतल्या मुलांच्या आयांचे फोन, बोटीवरून येणारा तुटक आवाज, हे सगळं सांभाळून मी ती टाच सांभाळत होतो.

कौतुक

"बरा आहे हा फोन," असं सून एकदा म्हणाली होती.

उपेक्षा

माझी काच कोपऱ्यातून तडकली आहे. पाठ फुगली आहे. बॅटरी अर्धी भरलेली दाखवतो आणि पुढच्या क्षणी मान टाकतो. मागच्या आठवड्यात टाचेचा फोटो जाता जाता मी

बंद पडलो. माफ करा. हे असं होतं. फोटो गेला की नाही हे कुणालाच कळेना, आणि त्या दिवशी घरात ठरलं की आता नवा घ्यायचा. फार महागडा नको, अगदी स्वस्तातलाही नको.

ठरीव भाग संपले. आता खरं काय झालं ते.

हिरवा होता दिराचा. काटेसाहेबांचा धाकटा मुलगा. दोन गल्ल्या सोडून राहतो आणि नवीन फोन दिसला की त्याच्या पायाला भिंगरी लागते. करडा होता बसमधल्या मावशींचा, म्हणजे मुलांना चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या बाईंचा. दोन्ही साधारण एकाच किमतीचे; यांपैकी एकासारखाच नवा आणायचा होता. दोघांची तुलना करणारे व्हिडिओ दिराने आधी बघितले होते, तेही माझ्यावरच. आपला वारस निवडायचा आणि तेही आपल्याच छातीवर बसून. मी तापलो होतो. त्यांना वाटलं बॅटरी तापली.

काटेसाहेबांनी व्हिडिओ मध्येच बंद करायला लावला. बोलणाऱ्याला फोन फुकट मिळालेला असतो, असं त्यांचं मत पडलं. मग त्यांनी मुलालाही विचारून घेतलं, की हिरवा खपवल्याबद्दल दुकानदार तुला काय देणार आहे.

"बाबा, मी तुमचा मुलगा आहे."

"म्हणून तर विचारतोय. परका असतास तर लगेच ओळखलं असतं."

दुकानात परीक्षा होत नाही, घरात होते, हा त्यांचा नियम. म्हणून दोन्ही फोन एक दिवसासाठी मागून आणले होते. परीक्षेचा तक्ता मी इथे देणार होतो, पण सरळ रेघा मला जमत नाहीत, तेव्हा जसं आठवतं तसं सांगतो.

वजन. काटेसाहेबांनी स्वतःचा छोटा काटा काढला. कंपनीने सांगितलेलं वजन आणि खरं वजन, दोन्ही फोनांचं तंतोतंत जुळलं. काटेसाहेब हिरमुसले.

बॅटरी. दोघांवर एकच चित्रपट, एकच आवाज. करडा थोडा जास्त टिकला. हिरवा फार लवकर भरला. इतक्या लवकर भरतं ते इतक्याच लवकर मरतं का, असं काटेसाहेबांनी विचारलं. दीर म्हणाला, दोन वर्षांनी कळेल. ते म्हणाले, तेव्हा तू फोन उचलशील का?

पडदा. उन्हात हिरव्याचं अक्षर स्पष्ट. करड्यात आपलंच तोंड दिसतं.

आवाज. करडा मोठा, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा.

म्हणजे बरोबरी. मला जरा बरं वाटत होतं. दोघं भांडत राहिले तर निकाल लांबेल, असा माझा हिशेब होता.

राहिला कॅमेरा. काटेसाहेबांनी खिडकीपाशी स्टूल ओढलं, मोजा काढला आणि टाच त्यावर ठेवली. एकच पाय, एकच उजेड, एकच अंतर. सुनेने आधी करड्याने फोटो काढला, मग हिरव्याने, आणि दोन्ही शेजारी शेजारी धरले.

हिरव्यात टाच गोरीगोमटी होती. जखम एवढीशी, कडा सुकलेल्या. करड्यात जखमेभोवती लाल वलय होतं आणि ते घोट्याकडे सरकत होतं.

सुनेने पायाकडे पाहिलं. खिडकीत ऊन-सावली चालली होती. तीच टाच रोज पाहून पाहून तिच्या नजरेला सवय झाली होती. थोडी लाल आहे खरी, असं ती म्हणाली.

"मोज्याचं इलॅस्टिक," काटेसाहेब म्हणाले. "आत्ताच काढलाय. करडा लाल मारतो, त्याच्या कॅमेऱ्यात दोष आहे. हिरवा घेऊन टाका."

दीर खूष झाला. मावशींना फोन परत द्यायला सून खाली गेली. तो न्यायला आलेल्या त्या फाटकाशी, बसजवळ उभ्या होत्या. जाण्याआधी तिने हिरव्यातला फोटो माझ्यावर घेतला आणि डॉक्टरबाईंना पाठवला. त्यांचा नंबर माझ्यातच होता ना. मला भिंतीशी वायरला लावून ठेवलं होतं. दीर गॅलरीत उभा राहून कुणाला तरी हिरव्याची किंमत सांगत होता.

मित्रांनो, आता जे सांगतो ते फक्त मी पाहिलं.

डॉक्टरबाईंचं उत्तर आलं. माझ्या काचेवर उमटलं. स्वच्छ दिसतेय. हात लावून बघा, गरम लागतेय का?

काटेसाहेबांनी मला उचललं आणि ते वाचलं. मग मला टेबलावर उताणं ठेवून ते वाकले आणि हाताची मागची बाजू टाचेला लावली. हात बराच वेळ तिथेच होता. नंतर दुसऱ्या टाचेला लावला. पुन्हा पहिलीला. मग त्यांनी मला जवळ घेतलं आणि अंगठ्याने एकेक अक्षर दाबत लिहिलं : नाही.

मी आयुष्यभर लोकांचे निरोप पोचवले. वाचून थांबायचं मला कुणी शिकवलेलं नाही. तेही मी पोचवलं. ऐन वेळी मान टाकणारा मी, त्या वेळी मात्र ठणठणीत होतो.

सून वर आली तेव्हा दीर रंगात होता. वहिनी, इकडे बघा, म्हणत त्याने हिरव्याने तिचाच फोटो काढला. ती केस सारखे करत होती, त्यामुळे हातही आला. फोटो बघून ती हसली.

"ही कोण?"

"तुम्हीच."

"डोळ्याखालचं काळं कुठं गेलं? पहाटे उठते रे मी, एवढी ताजीतवानी कधी होते?"

दीर म्हणाला, हीच तर याची कमाल आहे.

ती हसत हसत फोटो बोटांनी मोठा करू लागली आणि हसता हसता थांबली. तिच्या मनगटाच्या वर बसच्या इंजिनाच्या झाकणाने भाजल्याचा डाग आहे, जांभळट, चांगला बोटभर लांब. फोटोत हात कोरा होता. तिने बाही सारली, हात बघितला, पुन्हा फोटो बघितला. मग ती सासऱ्यांकडे वळली. तिची नजर पायावर गेली नाही, आधी चेहऱ्यावर गेली. एक वजन दोनदा तोलल्याशिवाय न सोडणारा हा माणूस आज एका फोटोवर कसा काय थांबला, हे तिच्या मनात आलं असणार. कारण तिचा आवाज बदलला.

"बाबा, पाय दाखवा."

"डॉक्टरबाईंचं उत्तर आलंय. स्वच्छ म्हणाल्यात. बघ की."

तिने मला उचललं. वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे 'नाही' कुणी लिहिलं?"

दिराने हिरवा खिशात टाकला.

"मी," काटेसाहेब म्हणाले.

"हात लावून बघितला होता?"

"हो."

"मग?"

ते खिडकीकडे वळले.

"गरम होता. कालपासूनच आहे," ते म्हणाले. "माझा थोरला भाऊ पायाचं बोट दाखवायला दवाखान्यात गेला होता. गुडघ्यापर्यंतचा पाय तिथंच ठेवून आला. नोकरीत मी कुणाच्या दुकानात पाणीसुद्धा प्यायलो नाही, सूनबाई. आणि या फोनने नुसता एक गोरा फोटो पुढे केला, तर मी घेतला."

सुनेने खाली बसून टाचेला हात लावला आणि चटकन काढून घेतला. मग दिराला म्हणाली, बाबांना धर, मी किल्ली घेते.

टॅक्सी मिळेना. शाळेची बस सुट्टीमुळे दारातच होती. काटेसाहेबांना मुलांच्या बुटक्या बाकावर बसवलं; गुडघे छातीशी आले. मावशींनी त्यांना पट्टा लावला आणि सवयीने, खिडकीतून हात बाहेर काढायचा नाही, असं बजावलं. काटेसाहेबांनी खरंच हात आत घेतला. सगळ्या वाटेवर ते एवढंच बोलले, की पट्टा नीट बसलाय का ते कुणी तपासलंय का?

डॉक्टरबाईंनी त्यांना त्याच दिवशी दाखल करून घेतलं. आत पू साचला होता. जखम उघडून साफ करावी लागली, सलाईन लागलं, आणि दोन दिवस कुणीच काही नक्की सांगत नव्हतं. ते दोन दिवस मी सुनेच्या मुठीत होतो. दर थोड्या वेळाने ती माझी काच उजळायची आणि काहीच न बघता विझवायची. तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाई म्हणाल्या, लाली उतरतेय, पाय राहील.

दिराने दवाखान्यातल्या बाकावर बसून हिरव्याची कसून झडती घेतली. कातडी साफ करून दाखवायची सोय त्यात दुकानातूनच चालू आली होती. त्याने ती बंद केली आणि बाबांची पट्टी बदलताना फोटो काढला. मला हे सांगायला आवडत नाही, पण फोटो उत्तम आला. करड्यापेक्षा सरस, माझ्यापेक्षा तर कितीतरी. म्हणजे हिरवा खोटारडा नव्हता. त्याला कुणीतरी गोड बोलायला शिकवून पाठवलं होतं आणि कुणी विचारलं नाही म्हणून तो बोलत राहिला. करडाही अगदी धुतल्या तांदळासारखा नाही, हे मी मावशींच्या पोरीच्या वाढदिवसाचे फोटो पाहून सांगतो. त्यातलं प्रत्येक पोर टोमॅटोसारखं आहे.

मग कुठला घेतला? कुठलाच नाही. नव्या फोनसाठी ठेवलेले पैसे दवाखान्यात गेले. दुरुस्तीवाल्याने माझी फुगलेली बॅटरी काढून नवी बसवली आणि मी परत कामाला लागलो. यावरून तुम्हाला माझा संशय आला तर रास्त आहे. ज्याचा फायदा झाला तोच गोष्ट सांगतोय.

एरवी या ठिकाणी माझ्यासारख्याने विनवणी करायची असते, की आम्हाला पाडू नका, रात्रभर वायरला लावून ठेवू नका, जुने झालो म्हणून अडगळीत टाकू नका. ते तुम्ही बघालच. मला निराळं मागायचं आहे. फोन घेताना काट्यावर तोला, उन्हात धरा, आवाज ऐका, चार जणांना विचारा. पण तुमच्या घरात कुणाचे पाय बधिर असतील, तर ते फोटोत बघू नका. खाली बसा आणि हात लावा. आम्हाला गरम-गार कळत नाही. तुम्हाला कळतं. आणि फोटो फारच छान आला असेल, तर हात आधी लावा.

परवाची गोष्ट. सून बस लावून वर आली, हात धुतले, काटेसाहेबांच्या पायाशी बसली आणि टाचेला हात लावला. जरा रेंगाळला तो हात. मी वायरला होतो, भरलेला, तयार. आता मला उचलतील, फोटो काढतील, मग बघू, थांबू, विचारू, असं सगळं सुरू होईल, असं मला वाटलं.

"कोमट लागतंय," ती म्हणाली. "कदाचित उन्हात बसला होतात म्हणून असेल."

"असेलही," काटेसाहेब म्हणाले.

आणि त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही न पाहता चपला मागितल्या.