पॉलिशवाल्याचा गेंगाणा आवाज

चहाच्या सुट्टीत त्या फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये जी टवाळी चालायची, तिचा म्होरक्या पॉलिशवालाच होता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही उगाच त्याची कीव करत बसाल. जन्मानं ख्रिस्ती, पण वीस वर्षांत चर्चची पायरी चढला नव्हता. देवबिव सब झूठ, असं छातीठोकपणे सांगायचा. पाद्रीबुवांची नक्कल मात्र अशी फर्मास करायचा की मिस्त्री हसून हसून भुशात लोळायचा. नाकातून काढलेला गेंगाणा आवाज, वर लावलेले डोळे, हवेत काढलेला क्रूस. सगळे त्याला ‘फादर’ म्हणत आणि त्यालाही ते आवडायचं.

त्या आठवड्यात त्याच्या लहानपणीच्या चर्चमधून येशूची लाकडी मूर्ती दुरुस्तीला आली. क्रुसाला वाळवी लागली होती, म्हणून मूर्ती उतरवून टेबलावर आडवी ठेवलेली. पसरलेल्या हातावर कुणीतरी टोपी अडकवली. छातीवर चहाचे ग्लास मांडले. सोबत आलेल्या चिठ्ठीत लिहिलं होतं, पाय आहेत तसेच ठेवावेत.

“असलं भिकार काम आपल्या हातून बाहेर जायचं नाही,” म्हणत मिस्त्रीनं पायांच्या झिजलेल्या बोटांवर लांबी, म्हणजे लाकडाची पुट्टी, भरली आणि नवी, गुळगुळीत बोटं घडवली.

ती घासायला पॉलिशवाला बसला. दोन हात मारले आणि थांबला. मग लोखंडी पत्रीनं सगळी लांबी खरवडून काढली. खाली लाकूड सपाट झालं होतं. ते कशानं झिजलं, हे वर्कशॉपमध्ये त्याच्या एकट्यालाच ठाऊक होतं. दर रविवारी रांग लागायची आणि प्रत्येक जण त्या पायांचं चुंबन घ्यायचा. आई त्याला कडेवर घेऊन वाकायची, आधी त्याचे ओठ टेकवायची, मग स्वतःचे. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती; तेव्हाही तो चर्चबाहेरच थांबला होता.

“घ्या फादर, सुरू करा तुमचं!” मिस्त्रीनं चहात बुडवलेलं बिस्कीट मूर्तीच्या ओठांवर चेपलं. लगदा दाढीवरून ओघळून गळ्यात साचला. सगळे फिदीफिदी हसले.

पॉलिशवाल्याला किळस आली. किळस बिस्किटाची नव्हती. पाद्री प्रसादाची भाकर भरवतो तसं बिस्कीट भरवायचा हा खेळ मागे त्यानंच काढला होता, एका कपाटाच्या दारावर तोंड रंगवून, आणि तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला होता.

त्यानं ग्लास उचलले, टोपी भिरकावली, बाहीनं दाढी पुसली. “बास करा आता.”

“वा! आज नवीन आयटम!” मिस्त्रीनं टाळ्या पिटल्या.

तो गुडघे टेकून बसला. हशा दुप्पट झाला. प्रार्थनेसाठी त्यानं तोंड उघडलं, “प्रभू, मला माफ कर...” आणि बाहेर पडला तोच गेंगाणा आवाज. नाकातला, रंगवलेला. वर्कशॉप दणाणून गेलं. त्यानं खाकरून पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. इतक्या वर्षांत दुसऱ्या आवाजात त्यानं देवाचं नाव घेतलंच नव्हतं. घशात बोटं घालून तो आवाज ओकून टाकावा, असं त्याला वाटलं.

अजूनही उठता आलं असतं. डोळा मारला असता, तर पाठीवर थाप पडली असती आणि दुपार मजेत गेली असती. तो उठला नाही. त्यानं त्या झिजलेल्या पायांवर ओठ टेकवले. लांबीची भुकटी जिभेवर आली, थिनरचा वास नाकात गेला. त्यानं ओठ तसेच ठेवले.

हळूहळू हसू विरलं. मिस्त्री जवळ येऊन वाकला.

“काय रे, खरंच करतोयस की काय?”

“अजून जमत नाहीये,” पॉलिशवाला म्हणाला. “जमेपर्यंत उठणार नाही.”