सत्तेचाळीसावा फोटो

दुपारी पावणेतीनला बहिणीने मोबाइल त्याच्यापुढे धरला आणि म्हणाली, "दादा, हे बाळ माझं नाही."

बुधवार, बाळंतपणाचा तिसरा दिवस. पोटाला टाके, त्यात ताप. ताप असलेल्या किंवा टाके ओले असलेल्या आईला नवजात विभागात सोडत नव्हते, आणि तो विभाग समोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. नवरा परदेशातून निघालेला, उद्या सकाळी पोचणार. बाळाच्या आतड्याला पीळ पडला होता. शस्त्रक्रिया चारला ठरली होती. वाचण्याची शक्यता किती, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. त्याआधी मुलाला एकदा नीट बघायचं, एवढंच तिला हवं होतं. जन्मल्यावर तो तिला क्षणभर दिसला होता. डावा कान वरून दुमडलेला, तेवढं लक्षात राहिलं होतं.

बघायची सोय होती आणि ती दादानेच केलेली होती. नवजात विभागात मोबाइलला बंदी, म्हणून प्रत्येक बाळाच्या काचेच्या पेटीवर कॅमेरा. दर तासाला एक फोटो. तो रुग्णालयाच्या सर्व्हरवरून त्या बाळाच्या आईच्या ॲपमध्ये. दादाच्या तीन माणसांच्या कंपनीला हे काम मिळालं तेव्हा बहिणीने ते ओळखीपाळखीत सगळ्यांना सांगितलं होतं.

तिचं म्हणणं त्याने आधी मनावर घेतलं नाही. नर्सही सकाळपासून समजूत काढत होती: तापात असं वाटतं, कान दोन दिवसांत सरळ होतात. पण बहीण हटेना. डॉक्टर म्हणतात नाकात नळी घातलीय, मग फोटोत नळी कुठंय?

त्याने मोबाइल घेतला. वर पेटीचा क्रमांक बरोबर, वेळही बरोबर, दुपारचे दोन. खाली झोपलेलं बाळ. नाकाच्या शेंड्यावर नखाचा बारीक ओरखडा.

तो ओरखडा त्याच्या ओळखीचा होता. नऊ वर्षांपूर्वी नखं कापायचा कंटाळा केला म्हणून बायकोने त्याला फैलावर घेतलं होतं. फोटो त्याच्या मुलीचा होता.

शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे त्याने तिचा मोबाइल मागितला. तिने कौतुकाने पुढे केला. "अगदी सासूबाईंवर गेलाय. नाक बघा ना." तोच ओरखडा.

चाचणीच्या वेळी कॅमेरे आले नव्हते. ॲपमध्ये काहीतरी चित्र हवं म्हणून त्याने घरचा फोटो घातला आणि एक ओळ लिहिली: आलेला फोटो पूर्ण नसेल तर हा दाखव. ती काढायची राहून गेली. वर्षभर काही बिघडलं नाही. सोमवारी दुपारी रुग्णालयाने जास्त स्पष्ट टिपणारे कॅमेरे बसवले आणि फोटो जड झाले. सर्व्हर फोटो अक्षरांत बदलून पाठवी, त्यात तो आणखी तिसऱ्या हिश्श्याने फुगे. ॲपला आखून दिलेल्या मापात तो मावेना, शेवटचा भाग कापला जाई. मग ॲप सांगितलेलं काम इमानेइतबारे करी. वॉर्डातल्या अकरा आया सोमवार संध्याकाळपासून त्याच्या मुलीशी बोलत होत्या.

त्याने बहिणीला सगळं सांगितलं. ती चिडलीसुद्धा नाही.

"मग माझा कुठंय?"

"सर्व्हरवर आहेत फोटो. तुझ्यापर्यंत येत नाहीत."

"आण."

खाटेच्या पायथ्याशी त्याने लॅपटॉप उघडला. ॲप बदलायचं तर दिवस गेला असता. सर्व्हर मात्र त्याच्या हातात होता. पाठवण्याआधी फोटो लहान करायचा, चार ओळींचं काम. पहिल्या खेपेला कंस चुकला. दुसऱ्या खेपेला सर्व्हर उठेचना. बहीण दर पाच मिनिटांनी फक्त वेळ सांगत होती. इंजिनियरसाहेब, ही खाट आहे, टेबल नाही, असं म्हणत नर्स आली आणि सलाइनचा स्टँड सरकवून तिनेच त्याला जागा करून दिली.

तीन पस्तीसला त्याने ताजा फोटो मागवला. बहिणीचा मोबाइल वाजला.

फोटो खरा होता. पांढरी चादर, मधोमध खळगा, कडेला गुंडाळून ठेवलेली नळी. बाळ नव्हतं.

तिने मोबाइल छातीवर उपडा ठेवला आणि छताकडे बघत राहिली. नर्स समोरच्या इमारतीत फोन लावत होती. तिसऱ्यांदा लागला. शस्त्रक्रियेची खोली लवकर मोकळी झाली, बाळाला सव्वातीनलाच नेलं. आत काम चालू आहे.

"वीस मिनिटं, दादा," बहीण म्हणाली.

तो पुन्हा लॅपटॉपवर वाकला. सोमवारी पाचपासून आज तीनपर्यंतचे सगळे फोटो सर्व्हरवर पडून होते. त्याने मोजले. सत्तेचाळीस.

पहिला गेला. नाकात नळी, डोळ्यांवर पट्टी, बरगड्या दिसतायत. बहिणीने दोन बोटांनी तो मोठा केला. डावा कान वरून दुमडलेला होता.

"हा माझा," ती म्हणाली. मग म्हणाली, "मी सांगितल्याशिवाय पुढचा पाठवायचा नाही."

ती एकेका फोटोवर थांबत होती. मंगळवारी पहाटे बाळाने मूठ उघडली होती. सहाला पाय पांघरुणाबाहेर काढला होता, सातला तो कुणीतरी परत आत घातला होता. तोवर बाकीच्या खाटांवरही मोबाइल वाजू लागले होते. शेजारची बाई आपला मोबाइल बराच वेळ बघत बसली. मग भिंत धरत दादाजवळ आली आणि आधीचं बाळ कुणाचं, असं विचारलं. त्याने सांगितलं.

"बरी आहे ना ती आता?"

"चौथीत आहे."

ती मान हलवून परत गेली.

सव्वापाचपर्यंत सेहेचाळीस फोटो झाले. समोरच्या इमारतीतून काही कळलं नव्हतं. उरलेला तीन वाजताचा, नेण्याआधीचा. पाठवू का, त्याने विचारलं.

"राहू दे," बहीण म्हणाली. "तो बाहेर आला की बघते."

त्याने बटणावरचं बोट काढलं. लॅपटॉप मात्र मिटला नाही.